इटालियन वाइन: लेबल वाचायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याचे आहेत, नाशिकच्या वाइनची सवय आहे, शेनाँ ब्लाँ आणि शिराझ ही द्राक्षं चवीवरून ओळखता येतात. पण इटालियन बाटली हातात घेतली की द्राक्षाचं नावच सापडत नाही. कियांती हे द्राक्ष की गाव? लेबलवर डीओसीजी, हा इटलीतला सरकारी दर्जा, लिहिलेली वाइन चांगलीच असते का? भेट आलेली २०१६ ची बारोलो दोन वर्षं कपाटात पडून आहे, ती उघडावी की ठेवावी? प्रोसेक्को म्हणजे स्वस्तातली शॅम्पेन का? आणि आपल्या जेवणाबरोबर यातलं काय चालेल?

हॉटेलांसाठी वाइन निवडणं आणि ती गिऱ्हाइकांना समजावून सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे हे प्रश्न ओळखीचे आहेत. बहुतेक पुस्तकं इटलीचा नकाशा उघडून उत्तरेकडून सुरू करतात. तसं करू नका. वीसच्या वीस प्रांतांत वाइन होते, अधिकृत नोंद असलेल्या द्राक्षजाती साडेतीनशेच्या वर आहेत, आणि एवढं पाठ करणारा माणूस वाइन पिण्यापेक्षा परीक्षाच जास्त देतो. त्याऐवजी तीन-चार द्राक्षं पकडा आणि त्या द्राक्षाचं तिथली माणसं काय काय करतात ते बघा. शैली तिथून कळते.

आधी एक इशारा. नाशिकच्या उन्हात पिकलेल्या शिराझनंतर पहिली इटालियन रेड प्याल तर ती आंबट लागेल, हिरड्या धरतील इतकी तुरट लागेल आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडवटही लागेल. बाटली बिघडलेली नाही. ती वाइन नुसती पिण्यासाठी केलेलीच नाही. इटलीत वाइन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या शेजारी ठेवली जाते, आणि ऑलिव्ह तेल, चीज, मांसाची चरबी तोंडात असताना तो आंबटपणा आणि तुरटपणा जागेवर बसतो. म्हणून दुकानातून आणलेली कियांती टीव्हीसमोर, सोबत काही न खाता चाखून मत बनवू नका.

आता लेबल. बाटलीवरचं मोठं नाव तीन प्रकारचं असतं. एक, नुसती जागा: कियांती, बारोलो, सोआवे, गावी. इथे द्राक्ष कुठलं हे तुम्हाला माहीत असावं असं ते गृहीत धरतात. दोन, द्राक्ष आणि जागा: बार्बेरा दाल्बा म्हणजे आल्बा गावाच्या परिसरातलं बार्बेरा द्राक्ष, वेर्मेंतिनो दि गाल्लुरा म्हणजे सार्डिनियातल्या गाल्लुराचं वेर्मेंतिनो. तीन, मालकाने ठेवलेलं नाव: तिन्यानेल्लो, सास्सिकाया. या तिसऱ्या प्रकाराकडे नंतर येतो, कारण त्यामागे बरंच राजकारण आहे.

यातला सगळ्यात मोठा सापळा मोंतेपुल्चानो. टस्कनीत या नावाचं डोंगरावरचं गाव आहे आणि तिथली वाइन विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो. ती मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची असते. दुसरीकडे मोंतेपुल्चानो हे एक वेगळंच द्राक्ष आहे, ते पूर्व किनाऱ्यावरच्या आब्रुत्सोमध्ये पिकतं, आणि मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो ही गडद, सोपी, बहुधा परवडणारी रेड. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मेनूकार्डावर दुसरीला पहिलीचा भाव लावलेला पाहिलेला आहे, तेव्हा जपून.

डीओसीजीबद्दल. इटलीत वाइनचा नामकायदा १९६३ मध्ये झाला आणि १९६६ मध्ये टस्कनीतली वेर्नाच्चा दि सान जिमिन्यानो ही पांढरी वाइन पहिली डीओसी, म्हणजे कायद्याने हद्द आणि नियम ठरवून दिलेलं नाव, ठरली. त्याच्या वरची पायरी म्हणजे डीओसीजी, ती १९८० मध्ये प्रत्यक्षात आली. पहिल्या मानकऱ्यांत ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो, बारोलो, बार्बारेस्को आणि विनो नोबिले होत्या. बाटलीच्या गळ्यावर क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी दिसते ती याच व्यवस्थेतली. आज डीओसीजी सत्तरहून जास्त आणि डीओसी तीनशेहून जास्त आहेत. कायदा काय बघतो? कुठल्या हद्दीतली बाग, कुठली द्राक्षं किती टक्के, हेक्टरी उत्पन्नाची कमाल मर्यादा, किती महिने मुरवली. चाखणी समितीही असते, पण तिचं लक्ष दोष पकडण्याकडे असतं. म्हणजे डीओसीजी हा वाइनचा पत्ता आहे, गुणपत्रक नव्हे. मी स्वतः बाटली उचलताना त्या अक्षरांच्या आधी उत्पादकाचं नाव बघतो. चांगल्या उत्पादकाची साधी वाइन ही आळशी उत्पादकाच्या नामवंत वाइनपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस निघते.

हे का होतं ते कियांतीच्या इतिहासात दिसतं, आणि इथे जरा थांबायला हरकत नाही.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या टेकड्या म्हणजे मूळ कियांती. १७१६ मध्ये ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने फर्मान काढून तिची हद्द आखली. वाइनसाठी कायद्याने हद्द आखण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या घटनांपैकी ही एक. पुढे बॅरन बेत्तिनो रिकासोली, जे एकीकृत इटलीचे पंतप्रधानही होते, त्यांनी १८७२ च्या एका पत्रात आपलं मिश्रण मांडलं: पाया सांजोवेझेचा, मवाळपणासाठी कानाइओलो, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडं माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरं नको, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. १९६७ मध्ये डीओसीचे नियम लिहिणाऱ्यांनी ही शेवटची अट सोडून दिली आणि लाल वाइनमध्ये किमान दहा टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली. पांढरं त्रेबियानो भरपूर पिकत होतं, ते खपवायचं होतं. परिणाम म्हणजे गवताचं वेष्टण असलेल्या गोल बाटलीतली फिकट, पातळ कियांती. जगभरच्या पिझ्झा हॉटेलांत वाइन संपल्यावर त्या बाटलीत मेणबत्ती खोचत असत. मेणबत्तीसाठी ती बरी होती.

ज्यांना चांगली वाइन करायची होती ते कायद्याच्या बाहेर पडले. समुद्राजवळच्या बोल्गेरीत मारिओ इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांनी बोर्दोचं काबर्ने सोव्हिन्यों लावलं होतं. त्यांची सास्सिकाया १९६८ च्या पिकापासून बाजारात आली. आंतिनोरी घराण्याने १९७१ मध्ये तिन्यानेल्लो काढली: सांजोवेझे, ओक लाकडाच्या लहान पिंपात मुरवलेली. मोंतेवेर्तिने या छोट्या उत्पादकाने १९७७ मध्ये शंभर टक्के सांजोवेझेची ले पेर्गोले तोर्ते केली, आणि निव्वळ सांजोवेझेला तेव्हा कियांती क्लासिको म्हणता येत नव्हतं. या बाटल्यांवर कायद्याने फक्त 'विनो दा ताव्होला', म्हणजे टेबल वाइन, एवढंच लिहिता येई. देशातल्या सगळ्यात महाग वाइन्स देशाच्या सगळ्यात खालच्या वर्गात बसल्या. इंग्रजी पत्रकारांनी त्यांना सुपर टस्कन म्हणायला सुरुवात केली. १९८६ मध्ये मेथॅनॉल मिसळलेल्या वाइनने इटलीत वीसहून जास्त माणसं दगावली, सगळ्या धंद्याची पत गेली, आणि १९९२ मध्ये कायदा नव्याने लिहिला गेला. त्यात आयजीटी हा मोकळा वर्ग आला. आज लेबलवर 'तोस्काना आयजीटी' दिसलं तर ती वाइन हजार रुपयांची असू शकते किंवा तीस हजारांची. वर्ग तुम्हाला काहीच सांगत नाही, नाव सांगतं.

आता नियम शहाणे झाले आहेत. कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं, शंभर टक्केही चालतं, पांढरी द्राक्षं २००६ पासून बंद. बाटलीवर काळा कोंबडा दिसतो तो याच जुन्या हद्दीचा. नुसतं 'कियांती' लिहिलेली वाइन आसपासच्या मोठ्या प्रदेशातली असते. तीही वाईट नसते, पण पहिल्यांदा घेत असाल तर कोंबडा बघून घ्या. साधी क्लासिको, मग रिझेर्वा, मग ग्रान सेलेत्सिओने असा चढता क्रम आहे. माझं मत विचाराल तर रिझेर्वाचे जास्तीचे पैसे पहिल्या वर्षी देऊ नका. साध्या बाटलीत आंबट चेरी, सुकी पानं, थोडा मातीचा वास आणि तो तरतरीत आंबटपणा स्वच्छ दिसतो. वरच्या दर्जाच्या बाटल्यांत कधीकधी ओकचा थर इतका असतो की द्राक्ष शोधावं लागतं.

सांजोवेझेचं दुसरं टोक म्हणजे ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो. कियांतीच्या दक्षिणेला, जास्त ऊन, जास्त कोरडं, आणि द्राक्ष शंभर टक्के सांजोवेझेच. एकोणिसाव्या शतकात बिओंदी सांती घराण्याने ही वाइन नावारूपाला आणली. नियम कडक आहे: किमान दोन वर्षं ओकमध्ये, आणि पिकाच्या वर्षानंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी विक्री नाही. २०२० चं पीक म्हणून २०२५ मध्ये बाजारात आलं. एवढा काळ पैसा अडकतो, म्हणून किंमत. त्याच बागांतली, त्याच लोकांची रोस्सो दि मोंताल्चिनो मात्र साधारण वर्षभरात बाहेर पडते आणि निम्म्याहून कमी पैशांत मिळते. ब्रुनेल्लो घेण्याआधी रोस्सो प्या. नव्याण्णव टक्के लोकांचं समाधान तिथेच होतं.

सांजोवेझे आपल्याकडेही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या फ्रातेल्लीमध्ये इटालियन भागीदार आहेत आणि टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे हे द्राक्ष लावलं गेलं. त्यांची सेत्ते ही वाइन सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचं मिश्रण असते. अकलूजची सांजोवेझे आणि कियांती क्लासिको एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून चाखा, सोबत टोमॅटोचं काहीतरी असू द्या. ऊन आणि उंची द्राक्षाला काय करतात हे कुठल्याही वर्गात बसून इतकं कळणार नाही.

दुसरं द्राक्ष नेब्बिओलो, आणि इथे तुमच्या बाटलीचा प्रश्न येतो. वायव्येकडच्या पिडमाँटमध्ये, आल्बा गावाभोवतीच्या लांगे टेकड्यांवर ते पिकतं, तोडणी ऑक्टोबरपर्यंत लांबते. त्यापासून बारोलो आणि बार्बारेस्को होतात. नेब्बिओलो फसवं आहे. ग्लासात रंग फिका, विटकरीकडे झुकलेला, वास गुलाबाचा, डांबराचा, सुक्या चेरीचा. बघणाऱ्याला वाटतं नाजूक आहे. घोट घेतला की तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही एकदम अंगावर येतात. म्हणून बारोलोला बाजारात यायच्या आधी किमान ३८ महिने मुरावं लागतं, त्यातले १८ लाकडात. बार्बारेस्कोला २६ आणि ९. 'रिझेर्वा' बारोलोला ६२.

या लाकडावरून तिथे घराघरांत भांडणं झाली. जुन्या पद्धतीत वाइन काही हजार लिटरच्या मोठ्या, जुन्या पिंपांत राहायची. लाकडाची चव उतरत नसे, हवा हळूहळू लागे. १९८० च्या दशकात तरुण पिढीने फ्रान्समध्ये पाहिलेली २२५ लिटरची नवी पिंपं आणली. एलिओ अल्तारे यांनी १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपं चेनसॉने कापली आणि वडिलांनी त्यांना वारशातून काढून टाकलं, ही गोष्ट तिथे आजही सांगतात. उलट बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेल्या लेबलवर लिहिलं, 'नो बार्रिक, नो बेर्लुस्कोनी'. नवं पिंपही नको आणि तो पुढारीही नको. आज बहुतेकजण मधल्या वाटेवर आहेत, आणि मोठी पिंपं परत आली आहेत. मला स्वतःला मास्कारेल्लोंचा पक्ष पटतो. नेब्बिओलोच्या गुलाबावर व्हॅनिला ओतण्यात काय हशील?

तुमची २०१६ ची बारोलो. ते पीक फार चांगलं मानलं जातं, समतोल आणि टिकाऊ. थंड तळघरात ती आणखी पंधरा-वीस वर्षं सहज राहिली असती. पण पुण्याच्या कपाटात एप्रिल-मेचे दोन हंगाम निघाले आहेत. बूच वर सरकलंय का, गळ्यावरच्या आवरणाखाली चिकट ओघळ आहेत का ते आधी बघा. तसं असेल तर ताबडतोब उघडा आणि फार आशा ठेवू नका. बाटली नीट दिसत असली तरी अजून ठेवू नका. या हिवाळ्यात, चार माणसं जमवून, उघडा. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. जेवणाच्या दोन तास आधी रुंद काचेच्या जगमध्ये हळूच ओता, तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. सोबत मंद आचेवर शिजवलेलं मटण ठेवा, पण मसाला बेताचा. झणझणीत रश्श्यासमोर ही वाइन नुसती कडू होते.

लांगेतली माणसं रोज बारोलो पीत नाहीत. रोजची वाइन बार्बेरा: तुरटपणा कमी, आंबटपणा भरपूर, रंग गडद, काळ्या-लाल फळांची चव. टेबलावर सगळ्यात उपयोगी पडणारी इटालियन रेड कोणती असं विचारलं तर मी हिचं नाव घेईन. दोल्चेत्तो तिच्याहून मऊ, आंबटपणा कमी, शेवटी बदामासारखी कडसर. आणि नेब्बिओलोची ओळख करून घ्यायची तर 'लांगे नेब्बिओलो' लिहिलेली बाटली घ्या. पुष्कळदा ती बारोलोच करणाऱ्यांची असते, कमी मुरवलेली आणि बऱ्याच कमी किमतीची.

तिसरा गट व्हेरोनाचा, आणि शैली म्हणजे काय हे शिकायला याच्याइतकी चांगली शाळा नाही. वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांवर कोर्वीना, कोर्वीनोने, रोंदिनेल्ला ही द्राक्षं पिकतात. एकाच टोपलीतून चार वाइन्स निघतात. ताजी द्राक्षं दाबून आंबवली की साधी वाल्पोलिचेल्ला, हलकी, चेरीची, थोडी थंड करून प्यावी अशी. उत्तम घड मात्र वेगळे काढून हवेशीर माळ्यावर रॅकमध्ये पसरतात. तासगावच्या बेदाणा शेडसारखंच दृश्य, फरक इतकाच की बेदाणा उन्हाळ्याच्या धगीत पंधरा-वीस दिवसांत होतो आणि हे घड थंडीत तीन-चार महिने सावकाश सुकतात, बेदाणा व्हायच्या बरेच अलीकडे थांबतात. वजन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतं, साखर दाट होते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात ती दाबतात. किण्वन मध्येच थांबलं, साखर उरली, तर ती गोड रेचोतो. यीस्टने जवळजवळ सगळी साखर खाल्ली तर ड्राय, भरदार, किमान १४ टक्के आणि बहुधा १५-१६ टक्के अल्कोहोलची अमारोने. आणि अमारोनेची वाइन काढून घेतल्यावर उरलेल्या सालींवर साधी वाल्पोलिचेल्ला ओतून पुन्हा आंबवली की रिपास्सो. जुनी, मूळची वाइन रेचोतो. अमारोने ही विसाव्या शतकाच्या मध्यावर बाजारात रुळलेली तिची ड्राय बहीण, २०१० च्या पिकापासून डीओसीजी.

अमारोने आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, कारण ती मऊ, दाट, बेदाण्याची गोडसर झाक असलेली आहे. मी तिचा मोठा चाहता नाही. दोन ग्लासांनंतर जेवण आणि संभाषण दोन्ही जड होतं. चांगली रिपास्सो एक तृतीयांश पैशांत त्यातलं बरंच काही देते.

प्रोसेक्को ही शॅम्पेनची स्वस्त प्रत नाही, ती वेगळ्या हेतूने, वेगळ्या पद्धतीने होते. शॅम्पेनमध्ये बुडबुडे आणणारं दुसरं किण्वन प्रत्येक बाटलीत होतं आणि वाइन यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने पडून राहते, त्यातून पावाचा, बिस्किटाचा वास येतो. प्रोसेक्कोत हे किण्वन मोठ्या बंद टाकीत दाबाखाली होतं. टाकीच्या या पद्धतीचं पेटंट आस्तीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये घेतलं, नाव मात्र पुढे फ्रेंच शार्मा यांचं झालं. उद्देश यीस्टचा वास नव्हे, तर पिअर, सफरचंद, फुलं यांचा ताजेपणा टिकवणं. २००९ पर्यंत प्रोसेक्को हे द्राक्षाचंही नाव होतं, म्हणजे ते द्राक्ष लावून जगात कोणीही प्रोसेक्को काढू शकत होतं. इटालियनांनी द्राक्षाचं नाव ग्लेरा करून टाकलं, त्रिएस्तेजवळच्या प्रोसेक्को नावाच्या गावाचा आधार घेतला आणि नाव हद्दीत बांधून टाकलं. हुशारीचं काम. उत्तम माल कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने यांच्यामधल्या तीव्र उतारांचा, तो लेबलवर शोधा.

इथे गिऱ्हाईक हमखास फसतं ते 'एक्स्ट्रा ड्राय' या शब्दांनी. नेहमी दिसणाऱ्या तीन प्रकारांत सगळ्यात कमी गोड ब्रूत: लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. आणि नुसती ड्राय म्हणजे १७ ते ३२, चक्क गोडसर. गोड नको असेल तर ब्रूत मागा. वर्षभराहून जुनी साधी प्रोसेक्को दुकानात धूळ खात असेल तर सवलत मिळाली तरी घेऊ नका.

शॅम्पेनच्या तोडीचं इटालियन काही हवं असेल तर ते फ्रान्चाकोर्ता, लोम्बार्दीमधलं, बाटलीतच दुसरं किण्वन, गाळावर किमान १८ महिने. किंमतही त्याच तोडीची. आणि मोस्कातो दास्ती म्हणजे अगदी हलके बुडबुडे, गोड, साधारण ५ टक्के अल्कोहोल. वाइन न आवडणाऱ्या आजीलाही ती आवडते, आणि जाणकार उगाच नाक मुरडतात.

पांढऱ्या वाइन्सवर मला थोडक्यात आटपावं लागेल. पिनो ग्रिजो सगळीकडे मिळते आणि बहुतेक वेळा पाण्यासारखी असते; अल्तो आदिजे किंवा फ्रिऊलीची असेल तरच घ्या. तिच्याच पैशांत सोआवे क्लासिको किंवा मार्केची वेर्दिक्कियो जास्त बोलकी मिळते. दक्षिणेत नेपल्सच्या मागच्या डोंगरांत फियानो दि आव्हेल्लिनो आणि ग्रेको दि तुफो, दोन्ही भरीव आणि टिकाऊ, आणि माझ्या मते इटलीतल्या सगळ्यात कमी लेखल्या गेलेल्या वाइन्स.

त्याच भागातलं आल्यानिको हे दक्षिणेचं भारदस्त लाल द्राक्ष, तुरटपणात नेब्बिओलोच्या खांद्याला खांदा लावणारं. पुलियातलं प्रिमितीवो त्याच्या उलट, उन्हात पिकलेलं, जॅमसारखं, सौम्य. डीएनए चाचणीत ते आणि कॅलिफोर्नियाचं झिनफांडेल एकच निघालं. शिराझची सवय असलेल्याला पहिली इटालियन रेड म्हणून प्रिमितीवो सोपी जाते, पण तिच्यावरून इटलीची कल्पना करू नका. सिसिलीत नेरो दाव्होला मध्यम, फळांनी भरलेली. पण सिसिलीत माझी ओढ एत्ना ज्वालामुखीच्या उतारांकडे आहे. हजार मीटरपर्यंतच्या बागा, काळी लाव्हामाती, दिवसा ऊन आणि रात्री थंडी, आणि नेरेल्लो मास्कालेझे हे द्राक्ष. रंग फिका, धुराचा आणि लाल फळांचा वास.

आता आपलं जेवण. तिखट, अल्कोहोल आणि तुरटपणा एकमेकांना भडकवतात. म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर बारोलो, अमारोने, आल्यानिको यातलं काहीही नको. तिथे लाम्ब्रुस्को बघा: मोदेनाकडची बुडबुड्यांची रेड, थंडगार प्यायची. 'सेक्को' म्हणजे ड्राय, 'आमाबिले' म्हणजे गोडसर. सुक्या मटणाबरोबर थोडी गोडसर जास्त जमते. एकेकाळी अमेरिकेत गोड लाम्ब्रुस्को इतकी खपली की तिचं नाव स्वस्त सोड्यासारखं झालं, ते अजून पुरतं धुतलं गेलेलं नाही. चिंच किंवा आमसूल घातलेल्या पदार्थासमोर कमी आंबटपणाची वाइन सपक होते, तिथे बार्बेरा किंवा वेर्दिक्कियो उभी राहते. तळलेला बोंबील, सुरमई, कांदाभजी यांना ब्रूत प्रोसेक्को किंवा वेर्मेंतिनो. नारळाच्या वाटणाच्या मालवणी कालवणाला फियानो, तिचा भरीवपणा नारळ पेलतो. पुरणपोळीसमोर वाइन पोळीपेक्षा गोड असावी लागते, नाहीतर आंबट लागते. पांतेल्लेरिया बेटाची पास्सितो, म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, त्यात टिकेल, पण खरं सांगायचं तर मी त्या दिवशी दूधच घेतो.

तापमानाची एक गोष्ट इथले वेटरसुद्धा चुकवतात. रेड 'रूम टेम्परेचर'ला द्यावी हे युरोपातल्या दगडी घरांतलं सूत्र, तिथली खोली १६-१८ अंशांची. आपल्याकडच्या ३० अंशांत कुठलीही रेड उकडलेल्या दारूसारखी लागते. बारोलो, ब्रुनेल्लो अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा, बार्बेरा आणि साधी वाल्पोलिचेल्ला पाऊण तास. हॉटेलात बाटली गरम आली तर बर्फाची बादली मागायला संकोच करू नका, रेडसाठीसुद्धा.

सुरुवातीला चारच बाटल्या, या क्रमाने: वाल्दोब्बियादेनेची ब्रूत प्रोसेक्को, वेर्दिक्कियो, बार्बेरा दाल्बा किंवा दास्ती, मग काळ्या कोंबड्याची साधी कियांती क्लासिको. त्या पचल्या की रोस्सो दि मोंताल्चिनो, लांगे नेब्बिओलो आणि एत्ना रोस्सो. दुकानदाराने बाटल्या काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभ्या करून ठेवल्या असतील तर आतल्या खोक्यातली मागून घ्या. आयातशुल्क आणि राज्याचे कर धरून ही वाइन इथे मूळ किमतीच्या कितीतरी पट पडते, त्यात शिजलेली बाटली घरी आणण्यात अर्थ नाही.